अपब्रेड! उठा, कप धुवा!

मास्तर लोकांना पगार शिकवायचा मिळतो, पण ते जमवतात किस्से! मी गणिताची बाई आहे, तरी सांगते, यांची बेरीज मला कधी जमली नाही. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. परवा बहिणीला फोनवर एकच सांगते म्हणून बसले, तर कुकरच्या शिट्ट्यांकडं लक्ष राहिलं नाही आणि वरणाची खळ झाली. आता तुम्ही सापडलाच आहात, तर बसा.

आमची शाळा हुलसूरच्या बाजूला. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात उभं राहिलं की मोबाईल म्हणतो, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. परत वर्गाकडं वळलं की कर्नाटक स्वागत करतं. एवढं स्वागत आमचं घरी कुणी करत नाही! स्टाफरूमात मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषांत भांडण चालतं. इंग्रजी मात्र फक्त नागनाथ सरांच्या ताब्यात. सर कोहिनूर गावचे. बापजाद्यांचा मेंढरांचा धंदा, आणि हे एकटेच घरात शिकले. स्वभावानं गरीब, पण शब्द सापडला की माणसाला सोडत नाहीत.

तर एकदा नववीच्या धड्यात एक राजा आपल्या प्रधानाला 'अपब्रेड' करतो. एका पोरीनं विचारलं, "सर, रागावला म्हणायला स्कोल्ड हाय की. मग हे कामून?"

सरांना उत्तर येईना. पुढचे काही दिवस त्यांचं डोकं एका जुन्या, पुठ्ठा गेलेल्या डिक्शनरीत होतं. आणि मग एका मधल्या सुट्टीत ते स्टाफरूमात आले ते पेटलेलेच!

*

"ऐका!" सर म्हणाले. "अप म्हंजे वर. ब्रेड म्हंजे पावाचा न्हाई. जुन्या इंग्रजीत ब्रेड म्हंजे झटका मारून ओढणं. तलवार उपसतेत तसं. अपब्रेड म्हंजे जुनं कायतरी वर उपसून काढायचं आन् समोरच्याच्या तोंडावर फेकायचं. नुसतं रागावणं न्हाई ते!"

"मग?" मी म्हणाले.

"जुन्या लोकांत एक खास अर्थ हुता. आपुन कुणाला कायतरी दिलेलं असतंय, कुणाचं चांगलं केलेलं असतंय. ते इसरायचं सोडून वर काढायचं. मी हुतो म्हणून तू हायस, असं."

"म्हणजे बोलून दाखवणं," मी म्हणाले.

"बरोबर! बोलून दाखवणं!" सरांना इतका आनंद झाला की त्यांचा चहा गार झाला. "आन् गंमत म्हंजे, हाच ब्रेड पुढं वेणीला लागला. ओढून ओढून घालतेत ती वेणी."

आमच्या शरणम्मा अक्का कन्नड शिकवतात. त्या एरवी इंग्रजीचा विषय निघाला की पेपर तपासायला घेतात. पण यावेळी मान वर करून म्हणाल्या, "त्यात काय नवल? माझी आई, आमची अव्वा, वेणी घालतानाच सगळं बोलून दाखवायची. डोकं हातात सापडलेलं असायचं, पळता येत नव्हतं!"

*

शब्द नुसता शब्द राहिला असता तर काही झालं नसतं. पण अक्कांना शिस्तीची हौस. त्यांनी तिथंच कायदा केला. आजपासून या खोलीत जो कुणी केलेलं बोलून दाखवील, त्याला बाकीच्यांनी ओरडून सांगायचं, "अपब्रेड! उठा, कप धुवा!" आणि त्यानं सगळ्यांचे चहाचे कप बाहेरच्या नळावर, पोरांच्या देखत धुवायचे.

हेडमास्तर हसले. "हे बेस झालं," म्हणाले. "लोकाला लई खोड असती. आता माझंच बघा. ह्या शाळेवर पत्रे मी आणलो. बीदरला किती खेटे घातलो, पर कवा बोलून दाखवलो का?"

खोलीत सगळे एकदम ओरडले!

हेडमास्तर माणूस मात्र सच्चा. मुकाट्यानं ट्रे उचलला आणि नळावर बसले. बाही वर, पँट वर, टॉवेल खांद्यावर. तेवढ्यात एक पालक आले. पोराच्या दाखल्यासाठी आले होते, शाळेत पहिल्यांदाच. त्यांनी नळावर विचारलं, "काय गा, हेडमास्तर हायत का आत?"

"न्हाईत," हेडमास्तर म्हणाले.

"कुठं गेलेत?"

"कप धुवायलेत."

पालक चिडले. "एवढा मोठा माणूस कप धुवायलाय, आन् तू बसून काय करायलास?"

*

कायदा झाला की पळवाट निघतेच. पळवाट काढली शमशाद मॅडमनी. त्या हिंदी शिकवतात, स्कूटरवर येतात आणि भालकीच्या बाजूला जाणाऱ्या कुणालाही मागं बसवून नेतात. मन मोठं, पण तोंड त्याहून मोठं. एके दिवशी माझ्याशी कशावरनं तरी बिनसलं. म्हणाल्या, "लता मॅडम, उस दिन मैं गाडी पो नै बिठाती तो तुम घर कैसा जाते थे?"

"अपब्रेड!" मी ओरडले.

"नक्को!" मॅडम म्हणाल्या. "कायदा मराठी में हुआ. मैं तो दखनी में बोली."

मोठा पेच! हेडमास्तरांनी खडू खाली ठेवला. अक्कांनी मात्र शमशाद मॅडमची बाजू घेतली. हे नवल होतं, कारण त्या दोघींचं खिडकीवरनं वर्षानुवर्षं पटत नाही. एकीला उघडी लागते, दुसरीला बंद. मग माझ्या लक्षात आलं. अक्कांनी त्याच सकाळी मला कन्नडमधनं ऐकवलं होतं, "ना इल्दिद्र?" म्हणजे, मी नसते तर? त्यांच्यावर पण केस होणार होती.

निकाल नागनाथ सरांनी दिला. "बोलून दाखवायला तिन्ही भाषा चालतेत. कप धुवायला कुठलीच लागत न्हाई. चला दोघी!"

दोघी नळावर शेजारी शेजारी बसल्या. त्या दिवशी खिडकी अर्धी उघडी ठेवायचं ठरलं.

*

आणखी एक. सरांना त्या डिक्शनरीत पुढं अजून एक अर्थ सापडला. जुन्या काळी तिकडच्या खेड्यापाड्यात, खाल्लेलं अन्न जिरलं नाही, घशाशी आलं, करपट ढेकर आली, तरी म्हणायचे, जेवण अपब्रेड करायलंय! खोटं नाही, सरांनी पान उघडून दाखवलं.

हेडमास्तरांनी त्या दिवशी नाक्यावरची मिरची भजी खाल्ली होती. ते ऐकत होते आणि पोटावरनं हात फिरवत होते. सर सांगत होते की दिलेलं वर काढणं आणि खाल्लेलं वर येणं, दोन्हीला त्या लोकांनी एकच शब्द ठेवला, किती शहाणे लोक! तेवढ्यात हेडमास्तरांनी अशी ढेकर दिली की बाहेर सातवीचा वर्ग गप्प झाला.

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

"आता ह्येला बी कप धुवू का?" हेडमास्तर म्हणाले.

*

शब्द स्टाफरूमात थांबला असता तरी चाललं असतं. पण नववीच्या पोरांनी दारातनं ऐकलेलं! एके दिवशी त्याच प्रश्नवाल्या पोरीची आई तरातरा शाळेत आली.

"सर, काय शिकवायलाव पोरीला?" ती म्हणाली. "सकाळी उठंना म्हणून मी म्हणले, अगं नऊ महिने पोटात वागवले तुला, एवढं बी ऐकंनास? तर अंथरुणातनंच हात वर करून वरडती, आई, अपब्रेड! ऊठ, भांडी घास!"

सरांनी कपाळाला हात लावला. "मग? तुमी काय म्हणलाव?"

"काय म्हणणार? म्हणले, भांडी तर मीच घासायले की बाई! ह्यात नवीन काय शिकवले तुज्या सरानं?"

*

आता नागनाथ सरांच्या घरचं. हे सांगताना मला हसू येतं आणि वाईटही वाटतं, दोन्ही खरं.

सरांना शिकवलं त्यांच्या थोरल्या भावानं. अण्णा स्वतः शाळेत गेले नाहीत, मेंढरं राखली. सरांची फी भरायची वेळ आली की एक जनावर बाजारात जायचं. अण्णांना प्रत्येकाचं नाव पाठ. "बी.ए.च्या पयल्या वर्षाला पवळी गेली. दुसऱ्याला चांदी. बी.एड्.ला तर एडका गेला, काय डौल हुता त्याचा!" सरांच्या डिग्र्या लोक कागदावर बघतात, अण्णा त्या कळपात मोजतात. आणि हे ते सगळीकडं सांगतात. बारशात, बाजारात, बसमध्ये. एकदा बँकेत साहेबासमोर सांगितलं. सर मान खाली घालून ऐकत उभे राहायचे. आमच्याकडं येऊन म्हणायचे, "अण्णाला एकदा हितं आणायला पायजे. शाळेतले सगळे कप संपतेल!"

सरांची बायको लवकर गेली. मुलगी रेणुका तेव्हा लहान होती, ती अण्णा-वैनींच्याच घरात वाढली. तिची सोयरीक आली उदगीरकडची. चांगली माणसं. सरांच्या घरी बघायला पाव्हणे आले, चहा झाला, सगळं गोड चाललेलं. आणि होणाऱ्या व्याह्यांनी विचारलं, "सर, शिक्षण कुठं झालं तुमचं?"

झालं! अण्णा पुढं सरकले. "मी सांगतो," म्हणाले. "पयल्या वर्षाला पवळी गेली..."

इथं सरांचं डोकं फिरलं म्हणा, का जिभेला आमच्या स्टाफरूमची सवय लागलेली म्हणा. भर पाव्हण्यांत, थोरल्या भावाला, हात वर करून सर ओरडले, "अपब्रेड! उठा, कप धुवा!"

अण्णांना पहिला शब्द कळला नाही. पुढचे तीन कळले.

ते उठले. सगळ्यांचे कप-बशा गोळा केल्या, पाव्हण्यांच्यासुद्धा. मोरीत बसून एक एक धुतला, पालथा घातला. सर मागं मागं फिरत होते, "अण्णा, तसं न्हाई, अण्णा, ते शाळेतलं हाय..." अण्णांनी हात पुसले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि निघून गेले.

त्यानंतर बोलणं बंद. सर कोहिनूरला गेले की अण्णा मेंढरं घेऊन रानात. सर रानात गेले की अण्णा घरी. फोन वैनी उचलायच्या, म्हणायच्या, "हायत. पर न्हाईत."

*

लग्न ठरलं. मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवरचा फंक्शन हॉल घेतला. पण कन्यादानाला जोडपं लागतं, आणि सर एकटे. भटजी म्हणाले, मामा-मामी बसले तरी चालतं. रेणुका म्हणाली, "कुणाला चालतं त्येंनी बसा. थोरले अप्पा आन् मोठी आई न्हाई बसली तर मी उठून जाईन." म्हणजे अण्णा-वैनी. पोरगी सरांसारखी गरीब नाही, अण्णांवर गेलेली आहे. तारीख जवळ आली आणि सरांचं जेवण सुटलं. वर्गात फळ्याकडं तोंड करून नुसते उभे राहायचे.

शेवटी आमचं शिष्टमंडळ कोहिनूरला गेलं. हेडमास्तर, अक्का आणि मी. सरांना जीपमध्येच बसवून ठेवलं. अण्णा अंगणात एका कोकराला दूध पाजत बसलेले. आम्ही रामराम केला. ते म्हणाले, "बसा. चहा घ्या. कप मी धुतो."

अक्कांनीच धीर केला. "अण्णा, ते शाळेतलं खूळ हाय. कायदा मी केला. चूक माझी. सर तुम्हाला लई मानतात."

"मला कप धुवायची लाज न्हाई," अण्णा म्हणाले. "आईमागं ह्याचं हागलं-मुतलं काढलो मी. पर पाव्हण्यापुढं म्हणला. इंग्रजीत म्हणला. त्येच्यासाठीच शिकवलो व्हय मी?"

"पण अण्णा," मी म्हणाले. मला राहवत नाही, माझा स्वभावच तसला! "तुम्ही तरी पवळी आणि चांदी सारखं सारखं कामून काढताव? त्यांना किती वाईट वाटतंय!"

अण्णांनी कोकराला बाजूला केलं. मग म्हणाले, "बाई, तेवढंच हाय की मज्याकडं. दुसरं काय सांगू लोकाला?"

मी लग्नाची पत्रिका काढून पुढं केली.

पत्रिका त्यांनी घेतली, उलटसुलट केली, कोकराच्या तोंडातनं वाचवली आणि कोनाड्यात ठेवली. "बघतो," म्हणाले. येतो म्हणाले नाहीत. आम्ही खाली मान घालून निघालो तर वैनी दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "येतेत. पटका कवाच धुऊन ठेवलाय. रोज काढून बघतेत, मी बघितलं की ठिवतेत."

*

आले! मुहूर्ताला थोडा वेळ असताना, सगळ्यांचा जीव टांगणीला लावून, टेंपोतनं आले. गुलाबी पटका, वैनींना नवं लुगडं. सर धावत गेले, पाया पडले. अण्णा म्हणाले, "सरक बाजूला, मुहूर्त जायलाय." एवढंच.

कन्यादान झालं. अक्षता पडल्या. आता आमच्या स्टाफला एकच धाक, जेवणात अण्णा व्याह्यांच्या शेजारी बसले आणि पवळी निघाली तर? सर म्हणाले, "आज न्हाई सोसणार मला. आज तेवढं नगो." म्हणून हेडमास्तरांना ड्यूटी दिली. अण्णांच्या शेजारी बसायचं, त्यांना बोलण्यात गुंतवायचं, गव्हाची गोड हुग्गी वाढत राहायची.

हेडमास्तरांनी ड्यूटी इमानदारीत केली. पंगत उठेपर्यंत बोलत होते. हात धुवायला अण्णा आले ते माझ्याजवळ थांबले आणि वैतागून म्हणाले, "बाई, ह्या माणसाला आवरा की! एका शाळेवर पत्रे टाकला तर किती बोलून दाखवायलाय!"

*

मग पोरगी सासरी निघायची वेळ. गाडी सजवून उभी. रेणुका वैनींच्या गळ्यात, वैनी रेणुकाच्या. शमशाद मॅडम आणि अक्का एकाच रुमालात रडत होत्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू? सर खांबाला धरून उभे होते.

व्याही जुन्या वळणाचे. ते अण्णांपुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "काळजी करू नका. लेकीसारखी सांभाळू. चुकलं-माकलं तर आम्ही समजून सांगू."

अण्णा पुढं सरकले. आता पवळी निघणार, असंच वाटलं. सरांनी तर डोळेच मिटले.

"व्याही," अण्णा म्हणाले, "पोर चुकली तर तिला काई बोलू नगा. मला फोन लावा. मी हिच्या बापाला बोलतो. मला सवय हाय!"

व्याही गोंधळले. त्यांनी सरांकडं बघितलं.

सरांनी डोळे उघडले, बाहीनं पुसले आणि म्हणाले, "लावा, लावा. मला बी हाय!"